‘कॅरियन कम्फर्ट’ अर्ध्यावर अडकली असेल तर

साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलंय. डॅन सिमन्सची ‘कॅरियन कम्फर्ट’ ही जाडजूड भयकादंबरी त्यांनी लोकांची मतं वाचून घेतली. निम्मे म्हणतात, व्हँपायरवर याहून भारी काही लिहिलंच गेलं नाही. निम्मे म्हणतात, लेखकाने पाणी घालून वाढवली. पहिली दोनशे पानं त्यांनी दोन रात्रींत संपवली. मग गोष्ट फिलाडेल्फियात गेली आणि आता तीन आठवडे पुस्तक उशाशी तसंच पडून आहे. पुढे वाचावं की ठेवून द्यावं, आणि इतक्या उलटसुलट मतांतून धरायचं काय?

मी सांगलीत विश्रामबागेकडे गेली सव्वीस वर्षं एक लहानशी सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दहाबारा सभासद जमतात आणि ठरवलेल्या पुस्तकावर बोलतात. ही कादंबरी आम्ही घेतली होती. एका रविवारी संपली नाही म्हणून पुढच्या रविवारीही घेतली, आणि दोन माणसं त्यानंतर महिनाभर एकमेकांशी नीट बोलत नव्हती. तेव्हा मतं उलटसुलट का येतात हे मी थोडंफार जवळून पाहिलंय.

आधी एक गंमत सांगतो, कारण तुमचं उत्तर तिच्यात आहे. लायब्ररीचं जाड पुस्तक मिटून टेबलावर आडवं ठेवा आणि पाठीची नाही, पानं उघडतात त्या बाजूची कड बघा. जिथपर्यंत लोकांनी वाचलंय तिथपर्यंत ती कड मळलेली असते. बोटांचा घाम, तेल, कुणाच्या भडंगाचं तिखट. पुढची पानं कोरी, पांढरी. आमची प्रत पावणेनऊशेच्या वरच्या पानांची, बारीक टायपाची पेपरबॅक आहे. तिची कड साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत चांगली काळी आहे, मग एकदम फिकी पडते, आणि शेवटच्या शंभरेक पानांना पुन्हा थोडी मळते. म्हणजे बरेच जण तुमच्यासारखेच मध्ये थांबले, काहींनी मधलं उडवून शेवट गाठला, आणि थोड्यांनी सगळं वाचलं. या तिघांनीही मत दिलंय आणि तिघांनी वेगवेगळं पुस्तक वाचलंय. म्हणून कुणी ‘भारी’ किंवा ‘भिकार’ म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठपर्यंत आलात? तारे किती दिले हे मी बघतच नाही.

पहिली दोनशे पानं पळाली आणि मग गाडी अडली, यालाही कारण आहे. मुळात ही एक दीर्घकथा होती. ‘ऑम्नी’ या अमेरिकन मासिकात ती १९८३ मध्ये आली. कादंबरी झाली १९८९ मध्ये. डिसेंबर १९८०, चार्ल्सटन शहर, तीन वयस्क जुने मित्र भेटतात. मेलनी, नीना आणि विली. तिघांकडे एक शक्ती आहे. दुसऱ्याच्या मनात शिरून त्याच्या हातून हवं ते करवून घ्यायचं, खूनसुद्धा, आणि त्यातून स्वतः ताजंतवानं व्हायचं. दरवर्षी भेटून ते हिशेब करतात, कुणी किती बळी घेतले. बीटल्सवाल्या जॉन लेनन या गायकाचा खून नुकताच झालेला आहे, आणि नीना तो स्वतःच्या खात्यावर मांडणार याची मेलनीला कुणकुण लागते. तिला खुनाचं काही वाटत नाही. तिला वाटतं, असल्या माणसावरून फुशारकी मारणं म्हणजे अभिरुचीला सोडून झालं! हा आवाज एकदा कानात बसला की माणूस पुस्तक खाली ठेवत नाही. सोवळ्यात वाढलेली, चहाच्या कपाला कान कुठल्या बाजूला असावा हे पाहणारी एखादी आजी तितक्याच ठेवणीतल्या सुरात माणसं मारल्याचं सांगत्येय, असं काहीसं. दीर्घकथा इथेच पूर्ण होते. तिच्यापुढे जी कादंबरी सुरू होते ती वेगळ्या जातीची आहे. पाठलाग, टोळ्या, सरकारी माणसं, हॉलिवूडचा निर्माता, श्रीमंतांचं बेट. तुम्ही अडकलात ते या दुसऱ्या जातीच्या गोष्टीत. तुमची एकाग्रता कमी झालीय असं मनाला लावून घेऊ नका.

दुसरा घोटाळा ‘व्हँपायर’ या शब्दाचा. ज्यांनी ड्रॅक्युला डोक्यात ठेवून पुस्तक उचललं त्यांची निराशा ठरलेली. सुळे नाहीत, रक्त पिणं नाही, लसूण नाही, शवपेटी नाही. आमच्याकडे एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, नारायण धारपांच्या भयकथा सगळ्या वाचलेले. ते दुसऱ्याच दिवशी आले आणि म्हणाले, “साहेब, ह्यात भूत कुठाय?” त्यांना मी म्हटलं, परकायाप्रवेश समजा. आपल्याला ती कल्पना नवी नाही. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा लहानपणी ऐकलेली असते. फरक इतकाच की तिथे शिरणारा आपला देह मागे ठेवून जातो. इथे तो आपल्या खुर्चीत आरामात बसलेला असतो आणि पलीकडच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या हातात सुरा असतो. ज्याला वापरलं त्याचं पुढे काय होतं याची त्याला फिकीर नाही.

सांगलीकराला तर याहून जवळची उपमा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ केलं हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांनी लाकडाच्या बाहुल्याही घडवल्या होत्या हे कमी जणांना माहीत असतं. पुढे रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. आमच्या गटातल्या एका नाट्यवेड्या बाईंनी चर्चेत हाच धागा धरला. त्या म्हणाल्या, सूत्रधाराची बोटं दिसत असतात म्हणून बाहुलीचा खेळ गोड वाटतो, ह्या पुस्तकात बोटं दिसत नाहीत आणि बाहुलीला आतून सगळं कळतंय. मला वाटतं या कादंबरीतली खरी भीती तिथेच आहे. मेलेल्याची नाही, वापरल्या जाण्याची. ज्यांना ही भीती लागू पडते ते पुस्तकाला डोक्यावर घेतात. ज्यांना अंधार, वाडा, जिन्यावरची पावलं हवी असतात त्यांना हे थ्रिलर वाटतं, आणि त्यांचंही चुकत नाही.

(जाता जाता, अशी चर्चा झाली की कुणीतरी म्हणतंच, “आमच्या ऑफिसात आहे ओ एक, शेजारी बसला की माझा जीवच शोषून घेतो.” हसा आणि पुढे जा. त्या वळणावर गेलो की पुस्तक बाजूला राहतं आणि साहेबांच्या तक्रारी सुरू होतात.)

आता लांबीचं. सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि मी ती निम्मी मान्य करतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार सभासद आहेत, त्यांनी पुस्तक परत करताना एका वाक्यात निकाल दिला: “पुस्तक बरं हाय, पण त्या माणसाला कुणी थांबवलंच न्हाई.” छाटणीचा माणूस तो, काडी कुठे कापायची हे त्याला कळतं. गोळीबार आणि हेलिकॉप्टरची काही प्रकरणं खरंच काडीला लागलेल्या फुटव्यासारखी आहेत, खुडली असती तरी घड कमी आले नसते.

पण उरलेली निम्मी लांबी फुकट नाही, हे मला एका बुद्धिबळाच्या शिक्षकाने पटवलं. सांगली ही बुद्धिबळाची पंढरी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने इथे पिढ्या घडवल्या, त्यामुळे दर दहा वाचकांत एखादा पटावरचा निघतोच. कादंबरीचे तीन भाग बुद्धिबळाच्या भाषेत आहेत: डावाची सुरुवात, मधला डाव आणि अंतिम डाव. गोष्टीतही जिवंत माणसं मोहरे करून खेळलेला डाव आहे. हे शिक्षक म्हणाले, “मधला डाव लांबणारच हो. पटावर इतके मोहरे मांडलेत. मारामारी झाल्याशिवाय पट मोकळा होत नाही, आणि पट मोकळा झाल्याशिवाय शेवटचा डाव कळत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “प्यादं घाबरत नाही म्हणून हा खेळ खेळता येतो. यात प्यादी घाबरतात. मला तीन दिवस पटावर बसवेना.” त्यांच्या म्हणण्यानंतर मी मधला भाग पुन्हा वाचला. पहिल्या वेळी जी माणसं मला उगाच आणलेली वाटली होती, ती मारामारीत जाण्यासाठी आणलेली होती. तिथे कोण जातं ते सांगत नाही. पण एक सांगतो, आवडलेलं माणूस शेवटपर्यंत राहील अशी खात्री बाळगून वाचू नका.

एका मुद्द्यावर आमच्याकडे खरोखर भांडण झालं. कादंबरीतला सॉल लास्की हा मानसोपचारतज्ज्ञ पोलंडमधल्या चेल्मनोच्या छळछावणीतून वाचलेला आहे, आणि विली तेव्हा तिथला जर्मन अधिकारी होता. चेल्मनो काल्पनिक नाही. ८ डिसेंबर १९४१ ला तिथे माणसं मारायला सुरुवात झाली, बंद ट्रकमध्ये कोंडून विषारी धुराने. किमान दीड लाख माणसं तिथे मारली गेली आणि जिवंत सुटलेले बोटांवर मोजण्याइतके. इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंचं म्हणणं होतं, असल्या जागी मनाच्या व्हँपायरची गोष्ट रचणं म्हणजे खऱ्या गुन्हेगारांना सूट देणं. माणसांनी, साध्या कारकुनांनी आणि ड्रायव्हरांनी शुद्धीत राहून जे केलं ते कुणा अद्भुत शक्तीच्या माथी कशाला मारायचं? समोरून सिव्हिलमध्ये नोकरी केलेल्या एका नर्सबाई म्हणाल्या, पुस्तकात छावणी त्या शक्तीने चालत नाही, छावणी माणसंच चालवतात. विली तिथे फक्त मजा घ्यायला येतो, कारण त्याला तिथे लपावं लागत नाही.

मी त्या दिवशी इतिहासाच्या बाईंच्या बाजूने होतो. आता तितका नाही. नर्सबाईंचं वाचन अधिक बारकाईचं होतं, मजकूर त्यांच्या बाजूने आहे. तरीही बाईंचा आक्षेप मला चुकीचा वाटत नाही. हे प्रत्येकाच्या सहनशक्तीवर अवलंबून आहे आणि त्यात मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही. तुम्ही सॉलच्या आठवणींची प्रकरणं वाचलीत आणि तिथे अस्वस्थ झालात तर ती अस्वस्थता लेखकाला हवीच होती. पण ‘हे असं वापरायला नको होतं’ असं वाटलं, तर पुढे ते वाटणं कमी होणार नाही.

तशीच आणखी एक गोष्ट, जी मतांमध्ये नीट सांगितलेली नसते. टोनी हॅरॉड नावाचा निर्माता आहे. त्याची शक्ती फक्त बायकांवर चालते, आणि तो ती कशासाठी वापरतो हे लेखक झाकून ठेवत नाही. आमच्या एका कॉलेजात जाणाऱ्या सभासद मुलीने तिथेच पुस्तक मिटलं आणि परत आणून दिलं. तिने ‘कंटाळा आला’ असं रजिस्टरात लिहिलं होतं, खरं कारण तिने दोन महिन्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी हे पुस्तक देताना आधी सांगतो. फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातल्या कृष्णवर्णीय पोरांच्या टोळीची बोलीही काहींना खटकते. एका गोऱ्या लेखकाने कानावर पडलेलं लिहिलंय हे जाणवतं. आणि आपल्याला ती इंग्रजी वाचायलाही जड जाते. तुम्ही फिलाडेल्फियात अडकलात ना, त्यात या बोलीचाही वाटा असणार. ती पानं मनातल्या मनात मोठ्याने वाचा, बघून कळत नाही ते ऐकून कळतं. कोल्हापूरकडची बोली कागदावर वाचताना पुणेकराचं जे होतं तेच इथे आपलं होतं.

मग बक्षिसांचं काय, असं कुणी विचारतं. या कादंबरीला भयसाहित्याचा ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळाला, लोकस मासिकाचा मिळाला, ब्रिटिश फँटसीवाल्यांचा ऑगस्ट डर्लेथ पुरस्कारही मिळाला. याच माणसाने त्याच १९८९ साली ‘हायपेरियन’ ही विज्ञानकादंबरीही छापली, तिला पुढच्या वर्षी विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आणि त्याआधी हा गृहस्थ अनेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होता! बक्षिसांवरून एवढंच कळतं की कारागीर पक्का आहे. तुम्हाला आवडेल का, हे त्यावरून कळत नाही.

तर तुमच्यापुरतं. तुम्ही का थांबलात हे आधी स्वतःला विचारा, कारण माझं उत्तर त्यावर ठरतं.

नावांचा गोंधळ झाला म्हणून थांबला असाल, तर नक्की पुढे जा. एक जुनी पत्रिका किंवा पाकीट घ्या, मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने पाडा: शक्तीवाले, त्यांचे बाहुले आणि त्यांच्या मागावर असलेले. नवा माणूस आला की नाव टाका, मेला की काट मारा. बहुतेक प्रकरणांवर ठिकाण आणि तारीख दिलेली असते, ती वाचल्याशिवाय खाली उतरू नका. आम्ही बहुतेक जण ती ओळ डोळ्यांनी ओलांडतो आणि मग दोन पानांनी विचारतो, हा इथे कसा आला?

मारामारीचा कंटाळा आला म्हणून थांबला असाल, तर गोळ्या सुटायला लागल्या की भरभर वाचा, लाज वाटून घेऊ नका. मात्र ‘मी’ म्हणून मेलनी बोलायला लागली की वेग कमी करा. तिची प्रकरणं पुढे पुढे विचित्र होत जातात. ती जे पाहते ते कुणाच्या डोळ्यांनी पाहते, हेही तपासावं लागतं. माझ्या मते सबंध पुस्तकात सगळ्यात चांगलं लेखन तिथे आहे, आणि मध्येच सोडणाऱ्यांचं खरं नुकसान तिथेच होतं.

आणि शिसारी आली म्हणून थांबला असाल, तर ठेवून द्या. पुढे ती वाढते. पहिल्या भागातली मेलनीची चार्ल्सटनमधली प्रकरणं तुम्ही वाचलीत, ती जवळपास मूळची दीर्घकथाच. एक संपूर्ण गोष्ट वाचून झाली आहे असं समजा.

हे तिन्ही नसेल, नुसतंच राहून गेलं असेल, तर रोज चाळीस पानं आणि तीही दुपारी. हे पुस्तक रात्री वाचायचं म्हणून लोक रात्री घेतात आणि झोपेत पान उलटतात. भीती यातल्या अंधारात नाहीये, त्यामुळे उजेडात वाचून काही कमी होत नाही.

शीर्षकाचंही सांगून टाकतो, कारण ‘मेलेल्याचा आराम’ असा अर्थ लावून कुणीतरी हसलं होतं. ते जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या इंग्रज कवीच्या एका सुनीतातून घेतलंय. तिथे कवी निराशेला मढ्याचं मांस म्हणतो आणि मी तुझ्यावर पोट भरणार नाही असं तिला बजावतो. कादंबरीत मढ्यावर पोट भरणारे कोण हे उघड आहे. पण सॉलसमोरही तसंच एक ताट वाढलेलं आहे, सूडाचं. तो ते खातो का, हे तुम्ही ज्या पानावर थांबलात त्याच्या बरंच पुढे आहे.

वाचून झालं आणि मत लिहावंसं वाटलं, तर कुठल्या पानापर्यंत आलात ते पहिल्या ओळीत लिहा. साताऱ्याहून सांगलीकडे येणं झालं तर आमची प्रत हातात घेऊन कड बघा. सध्या ती नर्सबाईंकडे आहे, तिसऱ्यांदा नेली आहे त्यांनी. पंधरा तारखेला परत येईल.